माशेझीच्या गाडीची हवा

माशेझीची टॅक्सी माझ्या अंगणात शिरली तेव्हा कोंबड्या पळाल्या आणि निलगिरीखाली वाळत घातलेले माझे दोन सदरे काळे झाले. नुसता धूर नव्हता, काजळी पडत होती. मी हात वर करून इंजिन बंद करायला लावलं. असल्या गाडीचा आवाज ऐकत बसायची गरज नसते, वासावरून कळतं. डोळ्यांना झोंबणारा, जरासा गोडसर वास. इंजिन पेट्रोल जास्त खात होतं, किंवा हवा कमी घेत होतं. आमच्या धंद्यातले बहुतेक लोक ह्या दोन गोष्टी एकच मानतात. मी मानत नाही.

मी मचुनू. थुकेला नदीच्या खोऱ्यातून वर येणारा घाट जिथे संपतो तिथे माझं गॅरेज आहे आणि गॅरेजला लागून माझी खोली. उमेदीची वर्षं मी जोहान्सबर्गच्या एका खाणीत घालवली, जमिनीखाली रुळांवर धावणाऱ्या इंजिनांची दुरुस्ती करत. शाळेत फार गेलो नाही आणि त्याचं मला कधी वाईटही वाटलं नाही. बायको वारल्यापासून एकटा राहतो. खोलीत एक खाट, दोन खुर्च्या, एक खिडकी आणि रॉकेलचा कंदील आहे. कंदिलाची काच मी रोज पुसतो. ज्याच्या घरातली काच काळी त्याच्या हातची गाडी काय स्वच्छ असणार, असं मी गिऱ्हाइकांना तोंडावर सांगत आलो आहे.

माशेझी गाडीतून उतरली, पण मी पुढे केलेल्या खोक्यावर बसली नाही. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिली. नवरा गेला तेव्हा तिला ही पंधरा जणांची जुनी गाडी मिळाली आणि पुलाजवळच्या टॅक्सीतळावरच्या रांगेतला त्याचा नंबर मिळाला. नंबर नसेल तर गाडी म्हणजे चाकं असलेलं कोंबड्यांचं खुराडं. आता टॅक्सीवाल्यांच्या संघटनेने तिला बजावलं होतं की महिनाअखेरच्या शुक्रवारी, शहरातून माणसं गावी परततात त्या दिवशी, तिची गाडी पुलापासून भरलेली निघेल आणि सगळ्यांच्या देखत घाट चढेल. काळा धूर दिसला तर नंबर दुसऱ्याला. अध्यक्ष माबासो म्हणाला होता की हे ती बाई आहे म्हणून नाही, गेल्या महिन्यात तिच्या गाडीतून दोन प्रवासी घुसमटून रस्त्यावर उतरले म्हणून. माबासो वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं मला पटलं होतं, आणि ते मी तिला सांगितलंही.

ती म्हणाली, "बाबा, नंबर गेला तर मी टोमॅटो घेऊन रस्त्यावर बसेन. मला लाज नाही. पण मुलींची शाळा टोमॅटोवर होत नाही."

मी विचारलं, माझ्याआधी कोणी हात लावला. तिने मान खाली घातली. तळावरच्या गुमेडेने. तसं असणारच हे मला ठाऊक होतं. गुमेडे तळावर बसून सांगत असतो की घाटावरच्या म्हाताऱ्याला आता नट कुठला आणि बोल्ट कुठला हे दिसत नाही, त्याला धूर कसा दिसणार. गाडी चालवणारा झिबुसे, तिचा दीर, हे ऐकून हसला असावा, कारण आताही त्याच्या तोंडावर ते हसू थोडंसं उरलं होतं. मी त्याला पाना आणायला पाठवलं. पाना कुठला ते सांगितलं नाही. तो पेटी हुडकत बसला तोवर मी पुढचं बाक उचलून इंजिन उघडं केलं होतं.

ह्या गाड्यांचं इंजिन पुढच्या बाकाखाली असतं. प्लग काढले. चारही प्लग काळे, कोरडे, बोट लावलं तर मखमलीसारखे. कार्बोरेटर खोलला आणि गुमेडेची करामत दिसली. त्याने जेट साफ करायला तार घातली होती. पितळेच्या त्या बारीक भोकात तार फिरवली की भोक मोठं होतं आणि पेट्रोल जास्त येतं. खोऱ्यातला प्रत्येक जण हेच करतो आणि प्रत्येक जण वर म्हणतो की आधीपेक्षा बरी झाली. मी जेट नवे घातले. फ्लोट काढून कानाशी हलवला, आत पेट्रोल शिरलं असतं तर खळखळलं असतं. खळखळलं नाही. सुई नीट बसत होती. चोकची पट्टी पूर्ण उघडत होती. एअर फिल्टर नवा घातला. सगळं जोडून गाडी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत नेऊन आणली आणि प्लग काढून पाहिले. पुन्हा मखमल.

झिबुसे बाजूला उभा राहून पाहत होता. त्याच्या तोंडावरचं हसू परत आलं होतं.

त्या आठवड्यात थंडी कडक होती. गाडी मी रात्री छपराखाली कुलूप लावून ठेवत असे. एका सकाळी तिच्याकडे जाताना मला दिसलं की सगळ्या काचा बाहेरून दवाने माखल्या आहेत, पण तिसऱ्या ओळीतल्या डाव्या खिडकीची काच आतून धुरकटली आहे. ताटलीएवढा गोल. माणूस काचेला तोंड लावून बसला की पडतो तसा. मी म्हटलं, बाकावर ओलं फडकं राहिलं असेल. फडकं नव्हतं. काच पुसली आणि खिडकीचं रबर तपासलं. दुसऱ्या सकाळी तो गोल पुन्हा तिथेच होता. मी पुन्हा पुसला आणि कामाला लागलो. खिडक्या पुसायला गाडी माझ्याकडे आली नव्हती.

जेट आणखी बारीक केले. मग त्याहून बारीक. आमच्याकडे खालची गाडी उखाहलांबाच्या डोंगरावर न्यायची असली तर असे जेट घालतात, कारण तिथे हवा विरळ असते आणि नेहमीचं पेट्रोलही तिला जास्त होतं. ही गाडी माझ्या अंगणात उभी राहून डोंगराच्या माथ्यावर असल्यासारखी वागत होती. किंवा आणखी एका ठिकाणी असल्यासारखी. खाणीत नव्या बोगद्याच्या टोकाला, जिथे हवेची नळी अजून पोचलेली नसते, तिथे इंजिन नेलं की ते असंच गुदमरत काळं ओकायचं. तिथे हवा कमी झाली की आधी दिव्याला कळतं. ज्योत लाल होते, काच काळी पडते. माणसाला मागून कळतं.

हे डोक्यात आलं आणि मी गाडीची सगळी दारं उघडून इंजिन चालू केलं. इंजिन शिंकलं, कार्बोरेटरमधून उलटा भडका मारला आणि बंद पडलं. पेट्रोलविना उपाशी होतं. इतक्या बारीक जेटवर उपाशी राहायलाच हवं. मग दारं बंद करून चालू केलं. मऊ, जड आवाज आला आणि सायलेन्सरमधून काळा धूर निघाला. दारं उघडी असली की उपाशी, बंद केली की तुडुंब.

आता, आमच्या खोऱ्यातली धूळ पिठासारखी आहे. ती इंजिनात गेली की वर्षात रिंगा खाते. म्हणून इकडचे सगळे टॅक्सीवाले हवेची नळी आत ओढून घेतात, प्रवाशांच्या बाकाखाली. इंजिन गाडीच्या आतली हवा घेतं. ह्याच्यात खोट काही नाही, जुन्या गाडीला इतक्या फटी असतात की एका इंजिनाला पुरून उरेल. पण हिला पुरत नव्हती. मी नळी ओढून बाहेर काढली, दारं बंद केली, नेहमीचे जेट घातले. धूर बंद झाला. प्लगवर बिस्किटासारखा तपकिरी रंग आला.

झिबुसे म्हणाला, "झालं तर मग, बाबा. नळी बाहेर राहू दे."

गुमेडेही तेच म्हणाला असता, आणि शुक्रवारचा घाट पार पडला असता. पण दोन प्रवासी घुसमटले होते ते इंजिनामुळे नाही हे आता मला कळलं होतं. मी झिबुसेला आत बसवलं, स्वतः शेजारी बसलो, दारं आणि खिडक्या बंद केल्या आणि त्याला म्हटलं, सिगारेट पेटव. त्याला आश्चर्य वाटलं, कारण माझ्या अंगणात कोणी सिगारेट ओढलेली मला चालत नाही. त्याने काडी ओढली. काडी पेटली, लाल झाली आणि विझली. दुसरीही तशीच. तिसरी काडी त्याने ओढलीच नाही. इंजिन बंद होतं. आत आम्ही दोघंच होतो आणि माझी छाती अशी कोंडली होती की जणू मी बोगद्याच्या टोकाला उभा आहे.

मी दार उघडलं. बाहेर आल्यावर झिबुसेच्या तोंडावर हसू नव्हतं. माझा जीव मात्र हलका झाला होता. इतके दिवस मी ज्याच्यावर डोकं आपटत होतो ते कार्बोरेटर निर्दोष होतं, माझा हात निर्दोष होता. पेट्रोल जास्त नव्हतं, हवा कमी होती. ह्या दोन गोष्टी एक नाहीत हे मी जन्मभर सांगत आलो होतो.

गाडी बिघडली की मी मालकाला एकच प्रश्न विचारतो. बिघडायच्या आदल्या दिवशी काय झालं होतं? तो मी आधीच विचारायला हवा होता. झिबुसेने डोकं खाजवलं, इकडे तिकडे पाहिलं आणि मग सांगितलं.

ईस्टरच्या आधी तो भाडं घेऊन जोहान्सबर्गला गेला होता. परत येताना नदीपलीकडचा नगुबाने नावाचा म्हातारा त्याच्या गाडीत होता. नगुबानेचा भाऊ खाणीत बोगदा कोसळून अडकला आणि जिवंत बाहेर आला नाही. म्हातारा त्याला घरी आणायला गेला होता. शरीर नव्हे, ते आधीच पुरलं होतं. आमच्यात माणूस परमुलखात मेला की घरचा कोणी त्या जागी काटेरी झाडाची फांदी घेऊन जातो, मेलेल्याला नावाने हाक मारतो आणि चल घरी म्हणतो. मग फांदी कापडात गुंडाळून घरी आणतात. वाटेत तिच्यासाठी वेगळी जागा ठेवतात, तिचं वेगळं भाडं देतात. फांदी धरणारा माणूस जिवंत माणसांशी अवाक्षर बोलत नाही. तो फक्त तिच्याशी बोलतो. अमक्या, आता पूल आला. अमक्या, आता गाडी बदलायची, उतर. नाव घेऊन सांगावं लागतं, नाहीतर मेलेल्याला कळत नाही.

नगुबानेने दोन जागांचं भाडं दिलं होतं. तिसऱ्या ओळीतली डावी खिडकी त्याने भावासाठी मोकळी ठेवली होती.

पुलाजवळच्या तळावर गाडी थांबली. संघटनेचा नियम असा की जोहान्सबर्गहून आलेली गाडी नदीपलीकडे जात नाही, प्रवाशांना तिथे दुसऱ्या गाडीत बसावं लागतं. सणाची गर्दी होती. म्हातारा फांदी सावरत हळूहळू उठत होता म्हणून रांगेवरचा माणूस ओरडला की ए आजोबा, झाड लावताय काय तिथे. आणि नगुबानेचा तोल गेला. त्याने वळून त्याला खणखणीत उत्तर दिलं, त्याच्या बापापासून आजापर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. लोक हसले, कोणी त्याला धरून दुसऱ्या गाडीत ढकललं, ती गाडी निघाली.

झिबुसे म्हणाला, "तो खिडकीकडे वळून काही बोलला नाही. मी पाहत होतो. पण मी कोण सांगणारा?"

मी म्हटलं, "तू ड्रायव्हर. गाडीत कोण राहिलं हे ड्रायव्हरने बघायचं असतं."

मी त्याला मेलेल्याचं नाव विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. नगुबानेचं घर नदीपलीकडे, डोंगराच्या मागे, आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी झाडाच्या फांद्या दुरुस्त करत नाही, असं मी झिबुसेला बजावलं. पण चांगला कारागीर एकेक कारण तपासून बाजूला टाकतो, आणि जे तपासलं नाही ते बाजूला टाकत नाही. मी नळी परत आत घातली. सगळ्यात बारीक जेट परत बसवले. दारं बंद करून इंजिन चालू केलं. काळा धूर निलगिरीच्या बुंध्यापर्यंत गेला.

मग मी इंजिन बंद करून बाजूचं सरकतं दार उघडलं. तिसऱ्या ओळीकडे पाहिलं. काच आतून धुरकटलेली होती, आणि भर दुपार होती. काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं. नाव नव्हतं. खाणीत पाळी संपली की माणसांना वर आणणाऱ्या पिंजऱ्याच्या दाराशी उभा राहून मी माझ्या माणसांना जसं सांगत असे तसंच सांगितलं.

"पाळी संपली. वर आलो आपण. उतर."

झिबुसे दूर जाऊन उभा राहिला. मी दार धरून थांबलो, म्हाताऱ्या माणसाला उतरायला लागेल तेवढा वेळ. मग दार बंद करून इंजिन चालू केलं.

इंजिन शिंकलं. कार्बोरेटरमधून उलटा भडका मारला आणि बंद पडलं. दारं सगळी बंद होती. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. उपाशी. डोंगराच्या जेटवर, भरपूर हवेत, इंजिन जसं उपाशी राहायला हवं तसं. मी खिशातून फडकं काढून हात पुसले. मग पेटीतून नेहमीचे जेट काढले आणि एकेक करून बसवले. इतक्या समाधानाने मी कधी जेट बसवले नव्हते.

शुक्रवारी पुलाजवळ एवढी माणसं जमली होती की जणू लग्न आहे. माबासो घाटाच्या मध्यावर आपली गाडी लावून उभा होता. गुमेडेने खिशातून पांढरा रुमाल काढला आणि सगळ्यांना दाखवला. गाडी वर पोचली की हा मी सायलेन्सरवर धरणार आणि मग म्हाताऱ्याला भेट देणार, नाक पुसायला, असं तो म्हणाला. लोक हसले. मी हसलो नाही. मी पुढे झिबुसेशेजारी बसलो. मागे एकही जागा रिकामी नव्हती, वर छपरावर मक्याच्या पिठाची पोती, आणि तिसऱ्या ओळीतल्या डाव्या खिडकीशी माशेझी स्वतः बसली होती. मी तिला तिथे बसू नकोस म्हटलं नाही. तिने मला विचारलंही नाही. झिबुसेने तिला सगळं सांगितलं असणार.

गाडी घाटाला लागली. मी इंजिनाचा आवाज पायांच्या तळव्यांनी ऐकत होतो. पहिल्या वळणावर दुसरा गिअर पडला आणि इंजिनाने तक्रार केली नाही. दुसऱ्या वळणावर, जिथे सगळ्या जुन्या गाड्या खोकतात, ती जोर लावून चढली. मागे कोणीतरी बाई गाऊ लागली, मग दुसरी, आणि सगळी गाडी गाऊ लागली. मी मागे वळून पाहिलं तर माशेझी काचेला डोकं टेकून रडत होती आणि गात होती, आणि मागच्या काचेतून घाटाचा रस्ता खालपर्यंत स्वच्छ दिसत होता. माबासोच्या गाडीजवळून जाताना त्याने टोपी काढली.

वर माझ्या अंगणात झिबुसेने इंजिन चालूच ठेवलं. गुमेडे दुसऱ्या गाडीतून मागोमाग आला. त्याने रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी धरला. बराच वेळ धरला, कोणी त्याला पुरे म्हणेना. मग रुमाल उलगडून पाहिला आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला दाखवला, त्याने पुढच्याला. पांढरा रुमाल हातोहात फिरला. गुमेडे माझ्यासमोर आला. इतक्या वर्षांत त्याने मला म्हातारा याखेरीज दुसरं नाव दिलं नव्हतं.

"माचिंग्वाने," तो माझ्या कुळाचं मानाचं नाव घेऊन म्हणाला, "काय घातलंस त्या इंजिनात?"

मी म्हटलं, "घातलं काही नाही. काढलं."

त्या दुपारी माझ्या अंगणात बिअरची मडकी आली, मक्याच्या पिठाचं मोकळं फुतू आणि आंबट दूध आलं, माशेझीने कोंबडी कापली. माबासो सगळ्यांसमोर म्हणाला की नंबर तिचा आहे आणि तिच्या मुलींचा राहील. मडकं आधी माझ्याकडे आलं. गुमेडेने ते गुडघा टेकून माझ्या हातात दिलं. माशेझी जाताना माझे दोन्ही हात धरून बराच वेळ उभी राहिली. तिची गाडी खाली निघाली तेव्हा तिच्या मागे धुराचा एक धागासुद्धा नव्हता. मी कठड्यापाशी उभा राहून शेवटच्या वळणापर्यंत ती पाहिली. एवढा सुखाचा दिवस मला आठवत नाही, आणि मी तो लपवतही नाही.

अंधार पडू लागला तसा मी खोलीत आलो आणि कंदील लावला. ज्योत लाल होती. वात कापली, नीट बसवली. ज्योत पुन्हा लाल झाली आणि सकाळीच पुसलेली काच हळूहळू वरून खाली काळी पडत आली. बुडाची भोकं फुंकून साफ केली. रॉकेल बदललं. कंदिलात खोट नव्हती. मी तो टेबलावर ठेवला आणि समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. ती रिकामी होती. तिच्या मागची खिडकीची काच आतून धुरकटली होती. ताटलीएवढा गोल.

मी खुर्चीला वळसा घालून गेलो आणि खिडकी उघडली. ज्योत पिवळी झाली.

भावाला येऊन घेऊन जा असा निरोप नगुबानेकडे मी पाठवलेला नाही. गुमेडे अधूनमधून येतो, जेट कसा बसवायचा ते शिकतो. परवा त्याने विचारलं की ऐन थंडीत म्हातारा माणूस खिडकी सताड उघडी टाकून का झोपतो.

मी सांगितलं, कंदिलाला हवा लागते.